मला फ्रेंच येत होतं

हिवाळ्यात अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या घरी संध्याकाळी तीन आवाज एकदम चालू असायचे. तळघरातल्या, घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर, आईच्या कुकरच्या शिट्ट्या आणि जेवणाच्या टेबलाशी उभं राहून बाबा म्हणत असलेलं भाषण. 'गुड आफ्टरनून, जंटलमेन. टुडे आय विल टॉक अबाउट ब्रेक्स इन एक्स्ट्रीम कोल्ड.' बाबा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ब्रेक-इंजिनियर होते. नागपूरहून आम्हाला इथे येऊन चार वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात कंपनीतल्या बड्या साहेबांसमोर त्यांना तोंड उघडायची वेळ कधी आली नव्हती. आता आली होती. पंधरा मिनिटं मिळाली होती. त्या पंधरा मिनिटांसाठी बाबा तीन आठवडे रोज कणीक मळणाऱ्या आईसमोर उभे राहायचे आणि कडाक्याच्या थंडीत ब्रेक कसे कुरकुरतात ते तिला सांगायचे. आई म्हणायची, "बाप्पा, इतकं समजलं आता मला की मीच जाऊन सांगून येते."

मी होमवर्कची वही समोर ठेवून बसलेली असे आणि मधूनमधून बाबांना थांबवत असे. "बाबा, व्हेहिकल नाही. व्हीअकल. 'ह' म्हणायचाच नाही." बाबा मान डोलावून त्यांच्या कार्डावर पेन्सिलीने खूण करायचे. मी पंधरा वर्षांची होते. चारच वर्षांपूर्वी शाळेतल्या पहिल्या दिवशी 'वॉटर' म्हटल्यावर अख्खा वर्ग हसला होता आणि त्यानंतर दोन महिने मी शाळेत पाणीच मागितलं नव्हतं. ती मी आता वडिलांचे उच्चार सुधारत होते. माणूस किती लवकर विसरतो, याचं उदाहरण शोधायला मला कधी घराबाहेर जावं लागलेलं नाही.

फ्रेंच मी घेतलं ते याच हसण्याला कंटाळून. स्पॅनिश सगळेच घ्यायचे, आणि त्यातल्या निम्म्यांना ते आधीपासून थोडंफार येत असायचं. फ्रेंचच्या वर्गात मात्र सगळेच अडाणी, म्हणजे मी कुणाच्या मागे नाही. आणि तिथे एक चमत्कार झाला. आमच्या बाई, त्यांना सगळे मादाम म्हणायचे, मूळच्या फ्रान्समधल्याच होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं आणि वर्गाला म्हणाल्या, "ऐका, हिचा 'त' ऐका! जीभ दाताला कशी लागते पाहा!" ज्या 'त' आणि 'द'वरून इंग्रजीच्या तासाला मुलं एकमेकांना कोपरं मारायची, तेच 'त' आणि 'द' फ्रेंचमध्ये जसेच्या तसे चालत होते. नाकातले उच्चार तर आपल्याला अनुस्वाराने घरबसल्या शिकवलेले. अमेरिकन मुलं बिचारी सर्दी झाल्यासारखी धडपडत होती आणि मी, नागपूरच्या धंतोलीतली वैजयंती, पहिल्या बाकावर बसून 'बों' आणि 'नों' म्हणत होते. मला त्या क्षणी जे चढलं ते उतरायला पुढे एक रुग्णवाहिका लागली.

मुलांना धीर यावा म्हणून मादामनी पहिल्याच आठवड्यात एक यादी फळ्यावर लिहिली होती. ल वीकएंड, ल पार्किंग, ल सँडविच, ल शॉपिंग. "पाहा, तुम्हाला आधीच किती फ्रेंच येतं!" मग त्यांनी हेही सांगितलं की या शब्दांपासून सावध राहा. ते इंग्रजीतून फ्रान्सला गेले खरे, पण त्यातले बरेचसे तिथे जाऊन दुसऱ्याच कामाला लागले. ओळखीचा दिसला म्हणून लगेच हात धरू नका. हे वाक्य त्या बोलत असताना मी यादी उतरवून घेत होते आणि मनाशी एक नियम पक्का करत होते: शब्द अडला की इंग्रजी शब्द घ्यायचा आणि नाकातून म्हणायचा. त्यात मला गैर काहीच वाटलं नाही. आमच्या घरी दुसरं काय चालायचं? 'पार्किंगच नाही मिळालं, म्हणून शॉपिंग कॅन्सल केलं' हे आईचं वाक्य मराठीच होतं ना? मग फ्रेंच लोकांनी काय घोडं मारलंय!

मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात शाळेच्या कॅफेटेरियात जेवणं चालू असताना पुण्याच्या लेले काकू म्हणाल्या, "अगं वैजू, फ्रेंच शिकतेस म्हणे? बोल की काहीतरी." मी पुलाव खाली ठेवला आणि म्हणाले, "ल वीकएंड, ज फे द्यू शॉपिंग." टेबलावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेले काकू बाबांना म्हणाल्या, "फाडफाड बोलते हो मुलगी!" शनिवार-रविवारी मी खरेदी करते, एवढंच मी बोलले होते आणि तेही खरं नव्हतं. पण बाबांचा चेहरा पाहून मला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही. सोमवारी त्यांनी ऑफिसात सांगून टाकलं की माझ्या मुलीला फ्रेंच येतं.

त्याच सुमारास त्यांच्या कंपनीत फ्रान्सहून एक इंजिनियर सहा महिन्यांसाठी आले होते. रूसेल त्यांचं नाव. काडीसारखे बारीक, उंच आणि फार सभ्य. त्यांना कामापुरतं इंग्रजी यायचं. त्यांची बायको ओदिल हिला मात्र इंग्रजीचा गंध नव्हता. नवरा ऑफिसला गेला की ती अपार्टमेंटमध्ये एकटी बसून असायची. बाबांनी दोघांना जेवायला बोलावलं आणि मला दुभाषी नेमलं. आईने पाटोडीचा रस्सा केला, तिखट अर्ध्याहून कमी घालून, आणि तरीही रूसेल साहेबांचे कान लाल झाले. ओदिलने दोनदा वाढून घेतलं. ती आईपेक्षा थोडी लहान असेल. तिचे केस आखूड होते आणि ती हातांनी बोलायची. दारात शिरतानाच आमच्या ड्राइव्हवेमधल्या लांबलचक जुन्या गाडीकडे बोट करून ती मला म्हणाली होती की माझ्या नवऱ्याला 'ब्रेक' भारी आवडतात. एवढं मला स्पष्ट कळलं. मी लगेच सांगितलं, "बाबा, रूसेल काकांना ब्रेक्स फार आवडतात." बाबांचा आनंद काय वर्णावा! त्यांनी रस्सा तसाच टाकून अर्धा तास त्या माणसाला ब्रेक सांगितले. थंडीतले, उन्हातले, ओल्या रस्त्यावरचे. रूसेल साहेब गाडीच्या सीट्सचे इंजिनियर होते. ते मान हलवत राहिले. फ्रेंचमध्ये 'ब्रेक' म्हणजे मागे सामानाला जागा असलेली लांब गाडी, स्टेशन वॅगन, हे मला पुढे दीड महिन्याने कळलं. त्या रात्री निघताना ओदिलने आमचा फोन नंबर एका कागदावर लिहून घेतला आणि माझा गाल थोपटला. या परक्या गावात तिच्याशी बोलू शकणारी मी एकटी होते. निदान तसं मी तिला वाटू दिलं होतं.

बाबांच्या भाषणाचा दिवस उजाडला. दुपारी तीनला बड्या साहेबांची मीटिंग होती. आधी रूसेल साहेबांचं बोलणं आणि त्यानंतर बाबांची पंधरा मिनिटं; तोवर बाबा आपल्या टेबलाशी थांबणार होते. मी साडेतीनला शाळेतून आले, जॅकेट काढलं आणि फोन वाजला. पलीकडे ओदिल. तिला धाप लागली होती. ती इतक्या वेगाने बोलत होती की एरवी मला एक अक्षर कळलं नसतं. पण त्या धबधब्यातून ओळखीचे शब्द वर येत होते. 'मों मारी', म्हणजे माझा नवरा. 'ल स्मोकिंग.' मग 'ल प्रेसिंग', तेही तीन वेळा. 'बुरो', म्हणजे ऑफिस. आणि 'उर्जां, उर्जां', म्हणजे अर्जंट, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

मी विचारलं, "प्रेसिंग?"

"वी, वी, प्रेसिंग!" ती जवळजवळ रडकुंडीला आली होती.

मी शब्दाला शब्द जोडला. नवरा सिगारेट ओढत होता, ऑफिसात आहे, छातीवर दाब येतोय. शाळेत हेल्थच्या तासाला आम्हाला हेच तर शिकवलं होतं: छातीवर कुणीतरी दाबतंय असं वाटलं तर एक मिनिट घालवू नका. त्याने बायकोला फोन केला असणार, तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तिने मला केला. सगळं कसं चपखल बसलं. तिने आणखी काहीतरी विचारलं. मी "वी, वी", म्हणजे हो हो, म्हणाले आणि फोन ठेवला. 'मला समजलं नाही, पुन्हा सांगा' हे वाक्य मला फ्रेंचमध्ये येत होतं. पहिल्या धड्यातलंच वाक्य ते. पण ते वापरायची पाळी माझ्यासारख्या हुशार मुलीवर येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मी बाबांच्या ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनचा नंबर फिरवला. "बाबा, रूसेल काकांना हार्ट अटॅक येतोय. छातीत दाब येतोय. आत्ता. ऑफिसमध्येच आहेत ते."

बाबांनी एक सेकंदही घालवला नाही. "तुम्ही दोघी तिच्याकडे जा," एवढं म्हणाले आणि फोन आपटल्याचा आवाज आला.

आईने गॅस बंद केला, थर्मासमध्ये चहा ओतला, का कोण जाणे पण एक गोधडीही घेतली. तिला लायसन्स मिळून दोन महिने झाले होते आणि ती फक्त उजवीकडे वळायची. डावीकडे वळायला समोरच्या गाड्या थांबत नाहीत, हा तिचा अनुभव. त्यामुळे दीड मैलाचं अंतर आम्ही चार उजवी वळणं घेत पंधरा मिनिटांत कापलं. वाटेत आई म्हणाली, "तिचं माहेर किती लांब असेल ना गं." मला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. माझ्यामुळे एक जीव वाचणार होता.

ओदिलने दार उघडलं. आईने तिला कवेत घेतलं, गोधडी तिच्या खांद्यावर टाकली आणि मराठीत म्हणाली, "काही नाही होत, मी आहे ना." ओदिल गोधडीच्या आतून माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या हातात एक काळा, चकचकीत कॉलरचा समारंभाचा कोट होता. इतका मोठा की त्यात दोन रूसेल साहेब आणि वर आमचे बाबा मावले असते. ती तो कोट हलवून म्हणाली, "ल स्मोकिंग!" मग प्लॅस्टिकच्या पिशवीवर छापलेल्या लाँड्रीच्या नावावर बोट आपटून म्हणाली, "ल प्रेसिंग!" मग भिंतीवरच्या घड्याळावर पाचच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि दुकान बंद झाल्याची खूण केली.

स्मोकिंग म्हणजे तो कोट. प्रेसिंग म्हणजे ड्रायक्लीनरचं दुकान. कंपनीच्या मेजवानीला त्याच संध्याकाळी नवऱ्याने घालायचा कोट दुकानाने बदलून दुसऱ्याचाच दिला होता आणि नवरा ऑफिसात मीटिंगमध्ये होता. परवा माझ्या मुलीने फोनमध्ये हेच दोन शब्द बोलून पाहिले, तर यंत्राने अर्ध्या सेकंदात बरोबर अर्थ सांगितला. "आई, इट्स नॉट इव्हन हार्ड," ती म्हणाली. नाहीच मुळी हार्ड. मी एकदा विचारायला हवं होतं, बस्स.

मी तिथूनच ऑफिसला फोन लावला. बाबांच्या टेबलावर कुणी उचलला नाही. मग ऑपरेटरबाईंनी उचलला आणि म्हणाल्या की सगळे वर मीटिंगरूममध्ये आहेत, रुग्णवाहिका आत्ताच पोचली. खरा प्रकार काय तो मी त्यांच्यापाशी निरोप ठेवला. मी आईला सांगितलं. आई खुर्चीवर बसली. माझ्याकडे पाहिलं. थर्मासचं झाकण उघडून स्वतःच चहा ओतून घेतला आणि एका दमात प्यायली.

"यांचं भाषण होतं ना आज," ती म्हणाली.

मी रडायला लागले. त्यावर आई म्हणाली, "रडून काय राहिली? दुकान पाचला बंद होते. ऊठ."

आम्ही तिघी दुकानात पोचलो. मी तोंड उघडलं, पण हुंदक्यांमुळे माझं चोख अमेरिकन इंग्रजी बाहेरच येईना. आईने मला बाजूला सारलं. चार वर्षांत मी तिला दुकानात कधी बोलू दिलं नव्हतं. तिचं इंग्रजी ऐकून लोक काय म्हणतील, म्हणून मीच पुढे व्हायचे. तिने तो कोट काउंटरवर आडवा पसरला आणि म्हणाली, "दिस कोट, फॅट मॅन. हर हजबंड, थिन मॅन. फॅट मॅन इज सिटिंग विथ थिन कोट. यू फोन हिम." दुकानदार हसला नाही. त्याने वही काढली, फोन केला. वीस मिनिटांत एक लठ्ठ गृहस्थ रूसेल साहेबांचा कोट घेऊन धापा टाकत आले. ओदिलने आईचे दोन्ही गाल चुंबले. आई लाजेने इतकी लाल झाली की तिने पुन्हा ती गोधडी ओदिलच्या अंगावर घातली.

ऑफिसात काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने कळलं, आणि बरंचसं बाबांकडून नव्हे. बाबा दार ढकलून आत शिरले तेव्हा रूसेल साहेब पडद्यासमोर उभे राहून सीटच्या स्प्रिंगा समजावत होते. बाबांनी त्यांना खांद्याला धरून टेबलावर आडवं केलं, टाय सैल केला, बूट काढले. ते म्हणत होते, "आय अ‍ॅम फाइन, आय अ‍ॅम फाइन," आणि बाबा म्हणत होते, "सर, डोन्ट टॉक. सेव्ह युवर एनर्जी." बड्या साहेबांपैकी एकाने खिडकी उघडली, बाहेर बर्फ पडत होतं. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी सगळ्या तारा जोडून तपासलं आणि सांगितलं की या माणसाचं हृदय घोड्यासारखं आहे. मग ऑपरेटरबाई माझा निरोप घेऊन वर आल्या. मीटिंग तिथेच संपली. बाबांची कार्डं त्यांच्या खिशातच राहिली.

ते घरी आले तेव्हा मी जिन्यात बसले होते. त्यांनी बूट काढले, कोट खुंटीला अडकवला, हात धुतले. आईने पानं वाढली होती. मी सगळं सांगून टाकलं. मला फ्रेंच येत नाही, मी नुसते इंग्रजी शब्द नाकातून म्हणते, लेले काकूंसमोर बोलले त्यात काही अर्थ नव्हता, तो ब्रेक-ब्रेकचा प्रकारही आता मला संशयास्पद वाटतोय. बाबा वरण कालवत ऐकत होते.

"मला शंका होती," ते म्हणाले.

"मग तुम्ही धावलात कशाला? रूसेल काका तुमच्या समोरच्याच खोलीत होते. काचेतून दिसत असतील ना बोलताना!"

"दिसत होते. चांगले उभे होते." बाबांनी घास घेतला. "पण तू मला फ्रेंचमध्ये नाही सांगितलंस. तू मराठीत सांगितलंस की माणूस मरतोय. त्याच्यानंतर मी काचेतून बघत बसायचं होतं का?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी ताटातल्या भातात बोट फिरवत राहिले. आई म्हणाली, "जेव आता," आणि माझ्या भातावर तूप घातलं. तळघरात फर्नेस घरघरत होती आणि टेबलाशी कुणी उभं नव्हतं.

भाषण शेवटी दोन महिन्यांनी झालं. पंधराऐवजी आठ मिनिटं मिळाली आणि बड्या साहेबांपैकी निम्मेच आले. कसं झालं विचारल्यावर बाबा म्हणाले, "ठीक झालं. व्हेहिकलच म्हणालो. समजलं सगळ्यांना." कंपनीतले लोक त्यांना पुढे निवृत्त होईपर्यंत 'डॉक्टर' म्हणत. नवीन आलेल्या पोरांना वाटायचं की यांनी पीएचडी केलीय, आणि बाबा तो गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नसत.

मी मादामकडे जाऊन सगळी हकिगत सांगितली. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. हसून झाल्यावर त्यांनी एक जाडी वही काढली आणि मला रोज मधल्या सुट्टीत बोलावलं. ब्रशिंग म्हणजे केस फुगवून वाळवणं. बास्केट म्हणजे पळायचे बूट. स्लिप म्हणजे आतली चड्डी. हे कळल्यावर, आपण ओदिलला बर्फावरून 'स्लिप'बद्दल किती वेळा सावध केलं ते आठवून मी वहीत तोंड लपवलं. आजही मी फ्रेंच बोलते ते अडखळत. औषधाच्या दुकानात काम करताना डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर सरळ फोन करून विचारते. हाताखालची मुलं कंटाळतात माझ्या विचारण्याला.

मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि एका शनिवारी ओदिलचा फोन आला. या वेळी मी खुर्ची ओढून बसले. ती बोलली. मी म्हणाले, "मला समजलं नाही, पुन्हा सांगा." ती पुन्हा बोलली. चार वेळा मी तेच म्हणाले आणि चारही वेळा तिने हसून सावकाश सांगितलं. तिला 'फूटिंग'ला जायचं होतं, रोज, आणि एकटीला कंटाळा येत होता. फूटिंग म्हणजे काय? पळणं. आणि तिला माझी आई हवी होती बरोबर.

मी आईला सांगितलं, हसतच. नागपुरात असताना आई रिक्षाही धावत जाऊन पकडत नसे. आई म्हणाली, "सांग तिला, येते म्हणून."

पुढच्या बुधवारी मी शाळेच्या बसमध्ये होते. आमच्या घराच्या तीन स्टॉप अलीकडे बस सिग्नलला थांबली. फुटपाथवरून दोन बायका येत होत्या. एक आखूड केसांची, लांब टांगा टाकत. दुसरीने पंजाबी ड्रेसवर बाबांचं ऑफिसचं जॅकेट घातलेलं, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात माझे जुने जिमचे बूट. धापा टाकत, तोंडाने मोठमोठ्याने काहीतरी सांगत, मधेच हसत ती धावत होती. सगळी बस खिडकीकडे वळली. पुढच्या सीटवरची मुलगी मागे वळून मला म्हणाली, "वेट, इज दॅट युवर मॉम?"

हो म्हणायला मला दोन स्टॉप लागले. तोवर ती मुलगी उतरून गेली होती. मी उभी राहिले आणि रिकाम्या सीटला मोठ्याने सांगितलं, "येस. दॅट्स माय मॉम."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "सिट डाउन, प्लीज."